अकरा दिवस जास्त जगलेला नावाडी

टण्णकन आवाज झाला. ओट्यावरच्या जाळीतून डाव घसरला, फरशीवर आपटला, आणि एक गिरकी घेऊन गप्प होईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. पलंगावर ऊर्मी उठून बसली. केस कपाळावर, एका गालावर उशीची घडी.

"आई, तू मामींना गोष्ट सांगत होतीस?"

क्षमाने फोनवरचं रेकॉर्डिंग थांबवलं. शनिवार, दुपारचे पावणेतीन. वर्षाचं बारावं पुस्तक मांडीवर उघडं, आणि त्याची शेवटची सहा पानं शिल्लक. उद्या सकाळी अकराला नुंगंबाक्कमला कृष्णवेणी मामींच्या घरी वाचक मंडळाची वर्षअखेरची बैठक.

"सांगत होते," ती म्हणाली. "संपली आता दुपार."

संध्याकाळी वाचता आलं असतं म्हणावं, तर मार्गळीचा, देवळादेवळांतल्या भजनांचा महिना. कोपऱ्यावरच्या देवळाचा भोंगा चारला जो सुरू झाला तो थांबेना. त्यात ऊर्मीचं पोट बिघडलं. आणि नवरा, संकेत, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातून आला तो इतका दमलेला, की बुटांसकट सोफ्यावर आडवा. त्याच्यापुढे "जरा हिला धर" म्हणायला तिची जीभ उचलली नाही.

खरं तर सहा पानं ती नुसत्या डोळ्यांनी, मनातल्या मनात, दहा मिनिटांत संपवू शकली असती. पण डोळ्यांनी पुढे जायचं नाही अशी तिने सप्टेंबरपासून स्वतःलाच शपथ घातली होती. ती का, ते सांगायला हवं.

मंडळात माणसं अकरा. निम्मी क्षमासारखी, नोकरीच्या मागे महाराष्ट्रातून आलेली. निम्मी तंजावरकडची, पिढ्यान्‌पिढ्या या तमिळ मुलखातलीच. घरात मराठी बोलायची, वाचायची मात्र तमिळ. कृष्णवेणी मामी त्यांतल्याच. तोंडाने शंभर ओव्या घडघडा म्हणतील, पण देवनागरी पान समोर धरलं की भिंतीकडे बघावं तशा बघायच्या. म्हणून ठरलं होतं, की दर महिन्याचं पुस्तक कुणीतरी मोठ्याने वाचून रेकॉर्डिंग धाडायचं.

ते 'कुणीतरी' व्हायला जानेवारीत क्षमाने हात वर केला. ऊर्मी झाल्यापासून चार वर्षांत तिने एकही पुस्तक शेवटापर्यंत नेलं नव्हतं. आपण वाचणारी बाई होतो हे तिला आठवावं लागायचं, लहानपणीचा पत्ता आठवावा तसं.

"बाराच्या बारा मी वाचीन," ती म्हणाली होती.

प्रमोदिनीताईंनी चष्म्यावरून बघितलं. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, मूळच्या सांगलीच्या, मंडळाची वही त्यांच्याकडे. "घरात लहान पोर आणि बारा? बाई गं, तीन वाच आणि सुखात राहा. आपला नियम माहीत आहे ना? शेवटचं पान झालं नाही, तर ते पुस्तक वहीत चढत नाही."

क्षमाला त्या 'बाई गं'चा राग आला, आणि रागावर माणूस बरंच काही वाचू शकतो. पहाटे पाच चाळीसला संकेत कंपनीच्या बसला गेला की दूधवाला येईपर्यंत, दुपारी ऊर्मीच्या झोपेत, दाताच्या डॉक्टरकडच्या बाकावर. तिच्या रेकॉर्डिंगमध्ये कुकर असायचा, "भाजीऽ" असायची, मधेच "आई, शी!" असायचं. मामी म्हणायच्या, "ऊर्मीच्या शीवांचून माला पुस्तक अळणी लागतें गो."

मंडळाच्या पुस्तकांखेरीज तिची स्वतःचीही सात झाली. कवितांचं एक पातळसं पुस्तक तिने पोळ्या लाटताना संपवलं. त्याच्या पानांना अजून पिठाचा वास येतो. दोन कादंबऱ्या आवडल्या नाहीत म्हणून अर्ध्यात सोडल्या, आणि सोडताना पहिल्यांदाच अपराधी वाटलं नाही. तिच्या लेखी वर्षातला सगळ्यात मोठा विजय तोच.

मग आला सप्टेंबर. त्या महिन्याची कादंबरी खाडीकाठच्या म्हाताऱ्या नावाड्याची. क्षमाला ती इतकी धरून बसली, की नववं प्रकरण तिने राहवेना म्हणून पहाटेच डोळ्यांनी वाचून टाकलं. दुपारी आठवं मोठ्याने वाचलं, पुस्तक छातीवर ठेवून डोळा लागला, जाग आली. नववं तर झालंय, असं डोक्यात पक्कं. तिने दहावं वाचलं आणि धाडून दिलं.

नावाडी मरतो तो नवव्यात.

अकरा दिवसांनी बैठक भरली आणि अर्धा तास लोक काय भांडले! दहाव्या प्रकरणात नात गावी येते, तर धक्क्यावर होडी पालथी. मामींचे यजमान गुंडो मामा ठामपणे म्हणाले, "म्हातारा रुसून लेकीकडे गेलाय. शेवटांत येईल पाहा."

"अहो, येईल कुठून?" प्रमोदिनीताई ओरडल्या. "जाळला त्याला, एकशे चौदाव्या पानावर!"

"आमच्या घरांत तो मेलाच नाहीं," मामी थंडपणे म्हणाल्या.

सगळे हळूहळू क्षमाकडे वळले. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याच संध्याकाळी तिने नववं वाचून धाडलं. तासाभराने मामींचा फोन आला. त्यांनी नाक ओढलं. मग म्हणाल्या, "कण्णा, बाळ, ऊर्मीची ती अंकलिपी आहे ना, जुनी? आमच्या श्रीवत्सला पाठव. नातू आहे, शिकेल."

आणि म्हणून शपथ. यापुढे मोठ्याने, ओळीने, ऐकणाऱ्यांच्या बरोबरीनेच. त्यांच्यापुढे एक पाऊलही नाही.

रविवारी ती ऊर्मीला आणि न संपलेलं पुस्तक घेऊन गेली. वहीत तिचं एक कमी झालं असतं तर झालं असतं. पण निम्म्या मंडळाला शेवटच कळला नव्हता. पाहुण्यांना जेवायला बसवून ताकभात वाढायचाच राहावा, तसं.

एकेक जण उठून आपलं वर्ष सांगत होता. तिची पाळी आली. तिने स्वतःची सात सांगितली, पिठाच्या वासासकट. लोक हसले. मग म्हणाली, "मंडळाची अकरा. बाराव्याची सहा पानं राहिली. माझ्याकडून झालं नाही. आत्ता वाचू का?"

प्रमोदिनीताईंनी पेनाचं टोपण काढलं आणि तसंच धरून ठेवलं.

"आण हिकडे," कृष्णवेणी मामी म्हणाल्या.

"मामी?"

"पुस्तक आण. वर्षभर तूच वाचलेंस. आज तूं बस."

त्यांनी चष्मा पुसला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं, आणि एकेक अक्षर, मग शब्द, मग आख्खं वाक्य, त्यांच्या तंजावरी हेलात पान बोलायला लागलं. गुंडो मामा तोंड उघडं टाकून बायकोकडे बघत होते; त्यांनाही पत्ता नव्हता.

"श्रीवत्सची अंकलिपी!" क्षमा पुटपुटली.

"तो इंग्रजींत जांभई देतो," मामी वरही न बघता म्हणाल्या. "अंकलिपी मीच गिरवली. तुजा भरवसा काय? उद्यां आणखी कोणाला जिवंत ठेवशील!"

सहा पानांना कॉफी दोनदा झाली. चौथ्या पानावर बोट अडलं. मामी त्या अक्षराकडे बघत राहिल्या. ऊर्मीने मान लांब केली आणि किंचाळली, "क्ष! माझ्या आईचा क्ष!"

"होय की," मामी म्हणाल्या. "घरचाच निघाला."

क्षमा ऐकत होती. कित्येक वर्षांत तिला कुणी काही वाचून दाखवलं नव्हतं. मांडीवर पोर होतं, हातात काही नव्हतं, पुढे काय होणार ते माहीत नव्हतं. शेवटची ओळ आली, मामींनी पुस्तक मिटलं आणि वाटी पालथी घालावी तसा तळवा त्यावर ठेवला. मग जो टाळ्यांचा गजर उठला, त्याने खालचा वॉचमन जिना चढून वर आला.

प्रमोदिनीताई वहीत लिहीत होत्या. "बारा," त्या मोठ्याने म्हणाल्या.

"पण शेवटचं पान मी वाचलं नाही, ताई."

"कानांनी वाचलेलं धरायचं नाही म्हटलं तर अर्धं मंडळ पुसावं लागेल मला." त्यांनी नाकावरचा चष्मा वर सरकवला. "आणि तीन वाच म्हणाले होते ना, ते मागे घेते. लिहून नको घेऊस कुठे."

मामी क्षमाजवळ येऊन बसल्या. "पुढल्या वर्षीं सहा तूं, सहा मी," त्या म्हणाल्या. "सरि?"

"सरि, मामी."

निघताना दाराशी गुंडो मामांनी ऊर्मीला गूळपापडीचा तुकडा दिला. "तुजी आई मोठी बाई हो. आमच्या नावाड्याला तिनें अकरा दिवस जास्त जगवलेंन."

जिना उतरताना क्षमाला पायऱ्या लागत नव्हत्या. बारा. बारा आणि सात. संकेतला फोन करावा, आरडाओरडा करावा, वाटेत मोगऱ्याचा गजरा घ्यावा. शेवटच्या पायरीवर ऊर्मी थांबली. पुढे अंगणात सकाळची रांगोळी, अर्धी पावलांनी पुसलेली.

"आई, तू वाचलं नव्हतंस तोपर्यंत ते होडीवाले आजोबा जिवंत होते?"

"हो. मामींच्या घरी होते."

ऊर्मीने गूळपापडी गालात सरकवली, विचार केला.

"मग तू वाचलंस कशाला?"