वाट बघणारा खेळ

"खोक्यावर तलवार असेल तर नको," मी म्हटलं. "घोडा असेल तर नको, राक्षस असेल तर नको. चांदण्या पाहिजेत. यान पाहिजे."

जुने गेम विकणारा तो माणूस चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघत राहिला.

"मावशी, नातवासाठी का?"

"मुलासाठी. चाळिशीचा आहे. आणि जपानी पाहिजे."

"जपानी, अंतराळातला." त्याने मागच्या फळीवरून एक खोकं काढलं. "हा घ्या. सगळ्या जगाने डोक्यावर घेतलाय."

"मग राहू दे जगाच्या डोक्यावर. मला कुणी न विचारलेला दे."

"म्हणजे कसा?"

"आला आणि तसाच पडून राहिला. कुणी नाव काढत नाही, पण आतून चांगला आहे, असा."

"अहो, कुणी विचारलाच नाही तर आतून चांगला आहे हे मला कसं कळायचं?"

"दुकान तुझं आहे का माझं?"

माझी शाळा तिसरीत सुटली. त्यानंतर इस्त्रीचं दुकान, घर, नवरा, मुलगा आणि पुढे सून, हे सगळं मी तोंडाच्या जोरावर चालवलं. तेव्हा एका खोकीवाल्याला मी काय भिणार. भीती होती ती एकच, मुलाने पढवलेलं विसरेन याची. निघताना त्याने माझ्याकडून सगळं घोकून घेतलं होतं. जपानी, अंतराळातला, गोष्ट असलेला, न गाजलेला, आणि काहीही झालं तरी आळीपाळीचा.

"मारामारी आळीपाळीची आहे ना यात?" दुकानदाराने पुढे केलेल्या दुसऱ्या खोक्याकडे बोट दाखवून मी विचारलं.

"हो हो," खोक्याकडे न बघताच तो म्हणाला.

मुलगा माझा वजनकाटे दुरुस्त करायचा. दुकानादुकानात फिरायचा, काट्यासमोर मान वाकडी करून बसायचा, आणि काटा खरा झाला की उठायचा. बाजारात त्याला नावाने कुणी ओळखत नव्हतं, काटेवाला म्हणूनच हाक मारायचे. त्याची बायको डोळ्यांच्या दवाखान्यात खिडकीवर बसते. मूलबाळ नाही. कामावरून आला की हातपाय धुऊन टीव्हीपुढे बसायचा, तो जेवायला हाक मारेपर्यंत. एवढाच एक नाद, पण तोही सरळ नाही. गाजलेला गेम याला चालायचा नाही. कुठल्यातरी कोपऱ्यात पडलेला, धड भाषांतरसुद्धा न झालेला, अंतराळात वाट चुकलेल्या माणसांचा गेम शोधून आणायचा आणि घबाड मिळाल्यासारखं तोंड करायचा.

"न खपलेला माल चांगला कसा असेल रे?" मी म्हणायचे. "काहीतरी खोट असणारच."

"आई, खपणं वेगळं आणि वजन वेगळं. मी दोन्ही रोज बघतो."

मग एक दिवस त्याच्या हातून स्क्रू पडला. उचलला तर परत पडला. पुढे चमचा पडायला लागला, कुलपात किल्ली फिरेना. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, स्नायूंचा आजार आहे, आधी हात जातील, मग पाय, मग आवाज, मग श्वास. औषध विचारलं तर म्हणाले, "आपण बघत राहू." दर वेळी तेच वाक्य. मी त्यांच्याशी भांडले. दुसऱ्या डॉक्टरकडे गेले, त्याच्याशीही भांडले. आजवर मी भांडले की पुढचा माणूस एक तर उलटून बोलायचा नाही तर पळ काढायचा. या डॉक्टरने माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. तेव्हाच काय ते मला कळलं.

त्याची बोटं मिटत चालली होती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, रोज दुपारी एकेक बोट उघडून धरायचं. सोडलं की मिटेल, तरी उघडायचं. ते काम मी घेतलं. आणि गेमचा रिमोटही माझ्या हातात आला.

"आई, मी सांगतो, तू दाब."

त्या रिमोटवर अक्षरं नाहीत ते बरं आहे. गोल, फुली, चौकोन, त्रिकोण. गोल म्हणजे हो, फुली म्हणजे नको. एवढं माझ्यापुरतं शिक्षण पुष्कळ झालं. इस्त्रीच्या मुठीने माझ्या अंगठ्याला घट्टा पडलाय, तो बटणावर बरोबर बसतो.

तर त्या दिवशी आणलेला गेम आम्ही लावला. यान उडालं. समोरून आगीचे गोळे सुटले. "डावीकड..." तो म्हणेपर्यंत आमचं यान फुटलं. परत लावला, परत फुटलं. तिसऱ्यांदा मी सगळी बटणं एकदम दाबली. यान गोल फिरून भिंतीवर आपटलं.

"हा थांबत नाही, आई," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आळीपाळीच्या गेममधे आपला डाव आला की सगळं थांबतं. समोरचा कितीही मोठा असो, उभा राहतो. मी बोलेपर्यंत, तू बटण शोधेपर्यंत." मग खिडकीकडे बघत म्हणाला, "दुसरं कोण थांबतंय आता."

मी जिना उतरले ती तडक त्या दुकानात.

"हो हो म्हणाला होतास ना? काय बघून म्हणालास?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं होती, ती हळूच बाहेर सरकली. खोकीवाल्याने मुकाट्याने गेम परत घेतला आणि टेबलाखालचं एक मोठं खोकं ओढून काढलं. सगळ्यात तळाला, झाकणाला तडा गेलेला एक गेम होता. चित्रात लांबलचक काळं जहाज, चांदण्या, आणि पाठमोरा उभा असलेला एक माणूस.

"हा मी दुकान घेतलं तेव्हापासून इथंच आहे. लोक नेतात आणि परत आणून टाकतात. फार हळू आहे म्हणतात."

"हळूच पाहिजे," मी म्हटलं.

मुलाचे डोळे झाकणावरच्या चित्रावर खिळले.

"हाच शोधत होतो गं. केव्हापासून," तो म्हणाला. "इंटरनेटवर याच्याबद्दल मोजकीच माणसं लिहितात. आणि शेवट कुणीच सांगत नाही. फक्त म्हणतात, स्वतः बघा."

"मग बघू की."

"लांब आहे, आई. शेवटापर्यंत मी..."

"तोंड बंद कर आणि कुठलं बटण ते सांग."

त्या गेममधल्या जहाजावर माणसं पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करत होती. कुठून निघालो ते कुणाला आठवत नव्हतं, कुठे जायचं तेही विसरत चालले होते. जहाजातले दिवे एकेक करून विझत होते. चौघंजण उतरायला एखादी जमीन सापडते का ते शोधत होते. नावं आपण द्यायची असतात. अवजारं दुरुस्त करणाऱ्याला मुलाने स्वतःचं नाव दिलं, काटेवाला. यान चालवणारीला बायकोचं. सगळ्यांवर खेकसणारी, जखमा बांधणारी एक म्हातारी होती, तिचं नाव आई.

"ही एवढं कुबड काढून का चालते?" मी विचारलं.

"म्हणून तर आवडली मला," सूनबाई म्हणाली.

चौथा एक लोखंडी माणूस होता. तो प्रत्येक संकटात एकच वाक्य बोलायचा, म्हणून त्याचं नाव ठेवलं डॉक्टर.

पडद्यावर येणारं इंग्रजी आधी मुलगाच आम्हाला सांगायचा. पुढे त्याचा आवाज खोल गेला, चार शब्द बोलला की दम लागायचा. तेव्हा वाचायचं काम सूनबाईकडे आलं. दवाखान्यातून आली की चप्पल काढायच्या आत मी तिला बसवायचे. लग्न होऊन आल्यापासून आम्ही दोघी टीव्हीपुढे एकत्र कधी बसलो नव्हतो. आता तो खुर्चीत मधे आणि आम्ही दोन बाजूंना, त्याचे दोन हात असल्यासारख्या.

"हळू वाच की. कुणी मागे लागलंय का?"

"तुम्ही बटण हळू दाबा आई. अर्धं वाक्य पळून जातं."

"मला काय कळतंय अर्धं झालं का पूर्ण?"

"म्हणून तर सांगते, माझ्याकडे बघून दाबा."

तो हसायचा. हसणं म्हणजे नुसता श्वास वाजायचा, पण आम्हाला कळायचं.

गेम पुढे सरकत होता तसा तोही सरकत होता, पण उलट्या दिशेने. काटेवाल्याला नवं अवजार मिळालं त्या आठवड्यात याला मान धरता येईना. जमीन दिसली तेव्हा याला पातळ खाणंही गिळवेना, नाकात नळी आली. मला वाटायचं, आपण दोन जहाजं हाकतोय, आणि हातात रिमोट एकाच जहाजाचा आहे.

रविवारी दुपारी आम्ही शेवटाला पोचलो. आदल्या लढाईत डॉक्टर जळून गेला होता. उरलेल्या तिघांनी खाली उतरायच्या लहान यानात पाय ठेवला आणि पडद्यावर एक भलामोठा वजनकाटा आला.

"अगं बाई, काटा," मी म्हटलं.

मुलाचे डोळे चमकले. सूनबाई वाचायला लागली. "वजन जास्त आहे. एवढं घेऊन यान उतरणार नाही. एकाला जहाजावरच राहावं लागेल. यान चालवणारी राहू शकत नाही. निवडा."

पडद्यावर काटेवाला आणि म्हातारी शेजारी उभे होते. बाण काटेवाल्याच्या पायाशी लुकलुकत होता.

"मी," मुलगा म्हणाला.

"काय म्हणतोस? ऐकू नाही आलं."

"मला... ठेव."

सगळं ऐकू आलं होतं मला. मी बाण सरकवून म्हातारीखाली नेला आणि गोल दाबलं.

"आई," सूनबाई म्हणाली.

"बोट घसरलं."

म्हातारी कुबड सावरत यानातून उतरली. काटा जरासा थरथरला आणि होता तिथेच उभा राहिला. खाली अक्षरं आली. सूनबाईने वाचली. "या फार हलक्या आहेत. यांच्या उतरण्याने काटा हलत नाही. पुन्हा निवडा."

म्हातारी परत यानात येऊन उभी राहिली. मी परत तिलाच उतरवलं. तेच वाक्य. परत उतरवलं. सूनबाईने आता वाचणं सोडून दिलं होतं. अक्षरांचा आकार माझ्याही ओळखीचा झाला होता. मी घट्टा पडलेला अंगठा त्या बटणावर दाबत राहिले आणि ती बिचारी उतरत राहिली, चढत राहिली, आणि काटा काही तिला दाद देईना.

मुलाचा श्वास वाजला. हसत होता.

"आई... किती हलकी गं तू."

मला जन्मात असं कुणी म्हणालं नव्हतं. नवऱ्याची काय बिशाद होती. मी रिमोट मांडीवर ठेवला.

बाण लुकलुकत होता. काटेवाला आणि म्हातारी जागच्या जागी हलकेच डुलत उभे होते. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, कुणीतरी ओरडून दिशा सांगत होतं. इथे कसलीच घाई नव्हती. डाव आपला होता, आणि आपण बटण दाबत नाही तोवर कुणी केसालाही धक्का लावणार नव्हतं. असंच बसावं, असं मनात आलं. संध्याकाळ होऊ दे, उद्या होऊ दे, वीजबिल येऊ दे. मी सूनबाईकडे बघितलं तर तिची नजर म्हणत होती, बसू या.

पण तो खुर्चीत होता, आणि त्याचा श्वास काही आपला डाव आहे म्हणून थांबला नव्हता.

"शेवट..." तो म्हणाला. मग दम घेऊन, "बघायचाय गं."

लहानपणीही हट्ट न करणारं पोर. मी रिमोट उचलला. बाण सरकवला. सूनबाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पडद्यावरून नजर हलवली नाही. मी गोल दाबलं.

काटेवाला उतरला. काटा सरसर फिरला आणि बरोबर मधे येऊन थांबला.

दार लागलं. यान सुटलं. यान चालवणारी आणि म्हातारी खाली खाली गेल्या, निळ्या-हिरव्या जमिनीकडे. मग पडदा परत जहाजात आला. तो काचेपाशी पाठमोरा उभा होता, खोक्यावरच्या चित्रात होता तसाच. मागचे दिवे एकेक विझत गेले.

"पाठ ताठ आहे बघ," मी म्हटलं. "जरासुद्धा वाकला नाही."

त्याने डोळे मिटून उघडले. हो म्हणायचं असलं की तो आता तसंच करायचा.

काळ्या पडद्यावर नावं वर सरकायला लागली. ज्यांनी गेम बनवला त्यांची. हात चालत होते तेव्हापासून त्याची पद्धत होती, नावं संपल्याशिवाय टीव्ही बंद करायचा नाही. म्हणायचा, एवढ्या माणसांनी जीव ओतला आणि कुणी ढुंकून बघितलं नाही, निदान नावं तरी बघू.

"वाच," मी सूनबाईला म्हटलं.

"सगळी?"

"सगळी."

ती वाचायला लागली. जपानी नावं, जीभ अडखळत होती, तरी एकही गाळत नव्हती. त्याची बोटं उघडायची दुपारची वेळ झाली होती. मी रिमोट बाजूला ठेवला, त्याचा हात माझ्या मांडीवर घेतला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली. तिने नाव वाचलं की मी बोट उघडायचे, धरायचे आणि सोडायचे. सोडलं की ते मिटायचं. तोवर खालून पुढचं नाव आलेलं असायचं.