चालत नाही

"घड्याळ चालत नाही," अण्णा म्हणाले. "ते चाललं की मी चालेन. वेळ कळल्याशिवाय माणसाने घराबाहेर पडायचं कसं?"

भिंतीवर एक घड्याळ होतं, माझ्या खिशातल्या फोनवर एक होतं, आणि आईला तर सावलीवरूनही वेळ कळते. पण वडिलांशी वाद घालायची पद्धत आमच्या घरात पडलीच नाही. अण्णांचा जन्म गोदीत क्रेनला इशारे देण्यात गेला. वर केबिनमध्ये बसलेल्याला खालचा माल नीट दिसत नाही आणि त्या गोंगाटात ऐकू तर काहीच येत नाही. त्याला फक्त अण्णांचे हात दिसत. बोट वर करून गोल फिरवलं की उचल, खाली फिरवलं की उतरव. अंगठा आणि बोट जवळ आणलं की सावकाश. तळहात आडवा धरला की थांब. जो माणूस बोटाच्या इशाऱ्यावर टनावारी लोखंड हवेत लटकवून ठेवतो, तो घरी येऊन मुलांची मतं विचारत नाही. अण्णा घरीही हातानेच बोलत. भात वाढताना आईला 'उतरव' आणि लगेच 'थांब'. ताईने लग्न ठरवलं तेव्हा 'सावकाश'. तिने ऐकलं नाही, आणि जावयाकडे बघितलं की अण्णांचा अंगठा आणि बोट आजही आपोआप जवळ येतात.

या सगळ्या काळात त्यांच्या मनगटावर तेच ऑटोमॅटिक घड्याळ होतं. त्याला किल्ली द्यायची सोयच नाही. आत अर्धचंद्रासारखं एक वजन असतं. हात हलला की ते फिरतं, ते फिरलं की स्प्रिंग भरते. डायल चहासारखी पिवळी पडलेली, काच चरे पडून धुरकट झालेली, पण गोदीत ते कधी थांबल्याचं कुणाला आठवत नाही.

मग अण्णा न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं, जुळलं, आणि डॉक्टर म्हणाले, आता चाला, नाहीतर कायमचे बसाल. अण्णांनी त्यातला दुसरा पर्याय निवडला. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहिले. हात मांडीवर, एकावर एक, कुणी सोडवायला न आलेल्या मालासारखे. इशारेसुद्धा बंद. आई पानात भात वाढत राही आणि थांबवायला कुणी नसल्यामुळे ढीग होई.

माझं उलटं आहे. मला एका जागी बसवत नाही. मी विमा कंपनीत दावे फेटाळण्याचं काम करतो, आणि तेही येरझाऱ्या घालत. त्या दिवसांत तर अंगात मुंग्याच भरल्या होत्या. कामावर असलो की घरी काय चाललंय म्हणून जीव टांगणीला, आणि घरी आलो की काहीच चाललेलं नाही हे बघून तो आणखी वर जाई.

म्हणून घड्याळाचं मनावर घेतलं. निदान ते तरी दुरुस्त करता येण्यासारखं होतं. आधी तपासावं म्हणून माझ्या मनगटावर घालून कामावर गेलो. उत्तम चाललं. परत दिलं, तर दीड-दोन दिवसांत अण्णांच्या हातात थांबलं. पुन्हा घेतलं, पुन्हा चाललं.

"तुझ्यापुढे नाटक करतं," अण्णा म्हणाले. "गोदीत असले बरेच होते. साहेब आला की कामाला."

रविवारी ताई आली. ताई कॉलेजात शिकवते. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे असतं, मग प्रश्न कुणी विचारो वा न विचारो.

"कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या," ती म्हणाली. "मी चौकशी केलीय. डायल बदलतात, काटे बदलतात, काच नवी बसवतात. नव्यासारखं करून देतात."

"मग जुनं काय राहतं?" आईने विचारलं.

"पट्टा," मी म्हणालो. "पट्टासुद्धा बदलायला हवा खरं तर."

अण्णांनी मान वर केली. मग उजवा हात उठला. मग डावा.

"डायल बदलणार? उद्या म्हणाल माझं तोंड बदला. यांना कुणी सांगितलं डायल खराब आहे म्हणून? तक्रार चालण्याची आहे, दिसण्याची नाही." प्रत्येक वाक्याला एक क्रेन हलत होती. "आणि गल्लीतला घड्याळवाला काय मेलाय? तीस वर्षं बसलाय तो तिथे."

"तीस वर्षं एकाच जागी बसलाय, हीच त्याची पात्रता?" ताई म्हणाली.

ही चूक होती. अण्णा जेवणापर्यंत थांबले नाहीत. जेवतानाही थांबले नाहीत. भात मात्र बरोबर 'थांब'वर थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ चालू होतं.

मी भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, कानाला लावलं, खाली ठेवलं. स्वयंपाकघरात गेलो. आई भांडी विसळत होती.

"आई, घड्याळ चालतंय."

"चालणारच. काल किती हातवारे केले त्यांनी." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "दिवाणखान्यातलं भांडण संपलं की ते थांबेल. तुम्हा शिकलेल्यांना वाटतं घड्याळ बिघडलंय."

"तुला माहीत होतं? मग सांगितलं का नाहीस?"

"त्यांना काय सांगू? तुम्ही बसून आहात म्हणून ते बसलंय? तेवढं त्यांनाही कळतं."

म्हणजे ते चालत नाहीत म्हणून घड्याळ चालत नव्हतं, आणि घड्याळ चालत नाही म्हणून ते चालत नव्हते. असा दावा माझ्या टेबलावर आला असता तर मी तो बिनदिक्कत फेटाळला असता. इथे कुणाचा फेटाळायचा?

त्यानंतर मी रोज संध्याकाळी थोडी थोडी काडी टाकू लागलो. अण्णा, ताई म्हणते सोन्याचा मुलामा द्यावा. अण्णा, जावईबापू म्हणतात बॅटरीवालं का घेत नाही. हात उठत, स्प्रिंग भरे. उपाय लागू पडला म्हणून मी खूश होतो. शेवटी खात्री करून घ्यावी म्हणून एका संध्याकाळी मी घड्याळ गुपचूप खिशात घालून गल्लीतल्या घड्याळवाल्याला दाखवून आणलं, आणि तिथे गोची झाली. त्याने भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, आतलं तेल वाळलंय. सर्व्हिसिंग होईपर्यंत हे चालवू नका, कोरडं चाललं की झिजतं. पडून राहिलेलं परवडेल.

घरी येऊन मी बसलो, उठलो, खिडकी उघडली, लावली. भांडण सुरू ठेवलं तर घड्याळ झिजणार, मिटवलं तर अण्णा पुन्हा खुर्चीत. आणि सर्व्हिसिंगला दिलं, तर रिकाम्या मनगटाने बसायला त्यांना पक्कं कारण मिळणार.

"येरझाऱ्या थांबव," अण्णा म्हणाले. "काय म्हणाला घड्याळवाला?"

गुपचूप वगैरे आमच्या घरात चालत नाही. मी सांगितलं.

अण्णांनी हात पुढे करून घड्याळ परत घेतलं. "मला डॉक्टर म्हणतो चाला, नाहीतर बसाल. याला हा म्हणतो बसा, नाहीतर झिजाल." मग म्हणाले, "काठी दे. मी स्वतः देतो. तुम्ही द्याल नाहीतर त्या काटे बदलणाऱ्यांकडे."

जिना उतरायला फार वेळ लागला. मी दोन पायऱ्या पुढे, उलटा, दोन्ही हात पसरून. त्यांनी काठीच्या हातानेच 'सावकाश' केलं. मला. मी खरंच घाईत होतो.

दुकानात पोचेपर्यंत त्यांचा श्वास फुलला होता. घड्याळवाल्याने स्टूल पुढे केलं. अण्णा बसले नाहीत.

"काय तक्रार?"

"चालत नाही."

घड्याळवाल्याने ते कानाला लावलं. "चालतंय की, काका. तुम्ही चालत आलात ना?"

अण्णांनी काठीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. "आलो खरा," ते म्हणाले. "आता उघडा. डायलला हात लावायचा नाही. किती वेळ लागेल?"

"महिनाभर तरी."

"मी रोज येऊन बघून जाईन."

"अहो, रोज कशाला त्रास घेता? झालं की मी फोन करतो."

मी अण्णांच्या पाठीमागे उभा होतो. तळहात आडवा धरून घड्याळवाल्याला जिवाच्या आकांताने 'थांब' करू लागलो. त्याने डोळे बारीक केले. त्याला वाटलं असावं, मी माशा हाकलतोय. "फोन नंबर लिहून द्या," तो म्हणाला.

काउंटरमागे भिंतभर घड्याळं होती आणि प्रत्येक काचेत मी छोटा छोटा हात हलवत होतो.

"असला 'थांब' असतो का?" अण्णा मागे न वळता म्हणाले. "माझ्या क्रेनला हा दिला असता तर सगळा माल पाण्यात." त्यांनी काठी काउंटरला टेकवली, रिकाम्या मनगटाचा हात वर उचलला आणि घड्याळवाल्याच्या नाकासमोर तळहात आडवा धरला. हात जागचा हलला नाही.

घड्याळवाल्याने पेन खाली ठेवलं.

"फोन नको," अण्णा म्हणाले. "उद्या येतो. चालेल?"

"चालेल," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला पुढे चालू दिलं नाही.