उशाकडची बाजू

कापूस एकदा पिंजून निघाला की त्याला मागचं काही आठवत नाही, असं अब्बास म्हणायचा. कुणाचा घाम, कुणाचा ताप, कुणाचं रात्रभरचं कुशीवर वळणं, सगळं यंत्राच्या पोटात उडून जातं. जुन्या नाशकातल्या त्या अरुंद दुकानात तो पिंजायचा आणि त्याची बायको सलिमा टाके घालायची.

सावळीरामबाबांची जाड रजई आली ती चैत्राच्या तोंडावर. बाबा पेठ तालुक्यातल्या डोंगरातले. बायको साळूबाई माघात गेली, तसं मुलानं, संतोषनं, त्यांना नाशकात फ्लॅटवर आणलं.

"गावाला गारठा, तिथं ही बरी व्हती," बाबा म्हणाले. "इथं स्लॅबखाली जीव भाजतो. पण हिच्याबिगर डोळा लागत नाय. साळूचं लुगडं हाय वरून. निम्मा कापूस काढा, हलकी दुलई करा."

"पापडासारखी करून देतो," अब्बास म्हणाला.

"पापड नको रे बाबा. दात कुठं राहिलेत."

सलिमानं जीव ओतला. लुगड्याची खोळ उसवली, धुतली, गच्चीवर वाळवली. एका टोकाला लाल दोऱ्याची बोराएवढी ओबडधोबड गाठ होती. पातळ दुलईत टोचेल म्हणून ती तिनं कात्रीनं काढून टाकली. मग कापसाचा विरविरीत थर, आणि वर टाके, मुंग्यांच्या रांगेसारखे.

आज बाबा न्यायला आले. दुलई मांडीवर घेऊन त्यांनी एका टोकावरून बोटं फिरवली, मग दुसऱ्या, मग परत पहिल्या.

"गाठ कुठंय?"

"काढली, बाबा. टोचली असती."

"पायाकडची खूण व्हती ती. पायाकडची बाजू तोंडावर घेऊ नये म्हणून साळूनंच घातलेली. लय पाळायची." त्यांचा हात दुलईवरून फिरला. "उरली ती उशाकडची. साळू गेल्यापासून मी तिथंच गाल टेकून निजतो. सांग लेकी, तिचं तोंड कुठल्या अंगाला व्हतं?"

दोन्ही टोकं सारखीच होती. तेच काठ, तेच टाके.

"ही की," अब्बासनं एक टोक झटक्यात उचललं. गिऱ्हाईक समजावतानाचा त्याचा आवाज.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते सलिमाकडे बघत होते. तिनं नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"मला माहीत नाही, बाबा," ती म्हणाली.

अब्बास उगाच यंत्राकडे वळला. बाबा उठले, दुलई उलगडली, आडवी फिरवली आणि छातीशी धरून बघितली. ती गुडघ्यांपर्यंतच पोचली.

"आडवी घेत जाईन, दोन्ही टोकं डावी-उजवीकडं. म्हंजी तिच्या पायाकडचं तोंडावर यायची भीती नाय."

"तुमचे पाय उघडे राहतील."

"उन्हाळा हाय लेकी. पुढची थंडी कुणी बघितलीय."

घडी घालायला सलिमानं एक टोक धरलं. दुसरं बाबांच्या हातात होतं. घडी होईपर्यंत तिनं मान वर केली नाही.