मन्मथआप्पांची जीभ

“आप्पा, आमटीत मीठ घालायचं इसरलात काय?”

नवरीच्या बापानं हे अगदी कानाशी येऊन, हळू विचारलं होतं. तरी मन्मथआप्पांना वाटलं, सगळ्या मांडवानं ऐकलं. त्यांनी डेगेतली आमटी तळहातावर घेऊन चाखली. मीठ होतं. हवं तेवढं होतं. त्यांनी पुऱ्या लाटणाऱ्या सिंधूकडं पाहिलं. तिनं बोट बुडवून चाखली आणि नजर खाली घातली.

“अळणी हाय, आप्पा.”

पहिली पंगत तोवर अर्धी जेवली होती. वाढप्यांच्या मागोमाग मिठाची वाटी फिरवावी लागली.

निलंगा आणि आसपासच्या गावांत लग्नाच्या स्वयंपाकाला तीस वर्षं आप्पांचंच नाव निघत आलं होतं. पाचशे पानं असोत की दीड हजार, मिठासाठी त्यांनी कधी वजनकाटा मागितला नाही. एकदा चाखायचं, मूठ टाकायची, ढवळायचं, पुन्हा चाखायचं. तेवढ्यावर मांडव जेवून तृप्त व्हायचा. त्या माणसाच्या हातून आमटी अळणी झाली होती.

कारण त्यांना घरी गेल्यावर उमगलं. चार महिन्यांपूर्वी भट्टीसमोरच त्यांना भोवळ आली होती. सिंधूनं धरलं म्हणून उकळत्या तेलात पडता पडता वाचले. दवाखान्यात बीपी निघालं एकशे नव्वदवर. बीपी नवं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी कळलं होतं, गोळीही सुरू झाली होती. महिनाभर बरं वाटलं, तशी आप्पांनी ती सोडून दिली. ‘दुखत न्हाई, खुपत न्हाई, गोळी कशाची खायची?’ या वेळी मात्र ते घाबरले. रोज सकाळी गोळी, संध्याकाळी गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत चालणं आणि ताटात नावापुरतं मीठ. लोणचं, पापड बायकोनं, उमादेवींनी, माळ्यावर टाकले. पंधरा दिवस घास गिळवेना. मग हळूहळू जीभ त्याला सरावली, आणि सरावता सरावता थोडं मीठही तिला पुरेसं वाटू लागलं.

आप्पांची जीभ गेली, ही बातमी गावोगाव पोचायला आठवडा लागला. ठरलेली दोन लग्नं लातूरच्या केटरर्सकडं गेली. आप्पांनी माळ्यावर चढून लोणच्याची बरणी काढली आणि जेवताना फोडीमागून फोडी खायला लागले. गोळीची पट्टी फळीवर तशीच पडून राहिली.

दहाव्या दिवशी उमादेवींनी त्यांना हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. शिल्पा सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, पुन्हा बांधला.

“एकशे शहात्तर. काय करायलात, आप्पा?”

“जीभ परत आणतोय. माझं पोट तिच्यावर हाय, बाई.”

“अन् तुमाला काही झालं तर ती जीभ कोणाला देऊ?” उमादेवींनी विचारलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत ही बाई परक्या माणसासमोर रडली नव्हती.

सिस्टरनं खुर्ची जवळ ओढली. “आप्पा, जीभ गेली न्हाई तुमची. उलट लई बारीक झाली. लोकांना जे मीठ कळत न्हाई, ते तुमाला कळतंय. आता तुमाला बरोबर लागंल तिथं थांबू नका, म्हंजे झालं. चाखायला बोटभर घ्या, त्यानं काही होत न्हाई. जेवण आपलं अळणीच. अन् गोळी मला इचारल्याबिगर सोडायची न्हाई.”

घरी आल्यावर आप्पांनी किलोभर डाळ शिजायला टाकली. आमटी केली, पाच वाट्यांत घेतली आणि दर वाटीत आधीच्यापेक्षा चिमूटभर मीठ वाढवत नेलं. सिंधूला बोलावलं, शेजारच्या चार घरांतल्या बायामाणसांना बोलावलं. सगळ्यांनी चौथी वाटी उचलली. आप्पांच्या जिभेला दुसरीच बरोबर लागत होती, चौथी खारट.

“म्हंजे मला खारट लागाय पायजे,” ते स्वतःशीच म्हणाले, “पण किती खारट, ते शिकाय पायजे.”

बावन्नाव्या वर्षी ते शिकायला बसले. आज वांग्याची भाजी, उद्या मसालेभात, परवा वरण. आधी स्वतः चाखायचं, अंदाज सांगायचा, मग शेजाऱ्यांना द्यायचं. पहिल्या आठवड्यात निम्मे अंदाज चुकले. गल्लीतली माणसं वाटी घेऊन येताना चेष्टाही करत. आप्पा हसत आणि पुन्हा चूल पेटवत. गोळी रोज सकाळी चहाआधी. दुसऱ्या महिन्यात अंदाज चुकायचा बंद झाला. शिवाय एक नवीनच गोष्ट घडली. हिंग कच्चा राहिला, चिंच जुनी निघाली, तेल जरा जास्त तापलं, हे पूर्वी त्यांच्या नजरेतून सुटायचं; आता जिभेला लगेच कळू लागलं. त्या महिन्यात सिस्टरनं कार्डावर आकडा लिहिला : एकशे तीस, ब्याऐंशी.

तरी काम कोणी देईना. मग एके दिवशी सिंधूच दारात येऊन उभी राहिली.

“माझ्या वर्षाराणीचं लगीन जमलं. सोयरे कर्नाटकातले, भालकीचे हायेत. स्वयंपाक तुमीच करायचा.”

“पोरीचं लग्न हाय, सिंधू. माझ्यापायी कशाला पणाला लावतीस? लोक नावं ठेवतील.”

“वीस वर्सं तुमच्या शेजारी बसून पुऱ्या लाटल्या. मला कळतं कोणाच्या हाती द्यायचं ते.”

लग्नाच्या दिवशी आप्पा भट्टीजवळ उभे होते. सातशे पानं होती. सकाळीच त्यांनी खिशातली गोळी काढून पाण्याबरोबर घेतली, तेव्हा हाताखालच्या बाया पाहत होत्या. पूर्वी ते लपवून घेत. त्या दिवशी नाही लपवली. बुंदी पडली, भात निवला, आमटीला उकळी आली. त्यांनी तळहातावर घेतली. बरोबर लागली. मूठ टाकली. खारट लागली. त्यांनी डोळे मिटले, जरा थांबले आणि आणखी अर्धी मूठ टाकली.

पंगत बसली. नवऱ्या मुलाचे थोरले काका नागप्पा पहिल्याच रांगेत होते. भालकीकडं त्यांच्या तोंडाला सगळे टरकून असत. त्यांनी भातावर आमटी घेतली, कालवली, घास घेतला. सिंधू खांबाला धरून उभी होती. नागप्पांनी पान पुढं सरकवून वाढप्याला पुन्हा आमटी आणायची खूण केली. मग तिसऱ्यांदा.

जेवून हात धुतल्यावर ते भट्टीकडं आले.

“आचारी कोण?”

“मी,” आप्पा म्हणाले.

“भाळ छलो,” असं कानडीत म्हणत त्यांनी आप्पांचे दोन्ही हात हातात घेतले. “लई झकास. माघात धाकट्याचं लग्न हाय आमच्याकडं. भालकीला यायचं. दुसऱ्याला हो म्हणू नका.”

शेवटची पंगत उठली तेव्हा दुपार कलली होती. सिंधू सवयीनं रिकाम्या डेगा गोळा करायला लागली. आप्पांनी तिच्या हातातली डेग काढून घेतली, तिला सतरंजीवर बसवलं आणि पान मांडलं. वीस वर्षांत या बाईनं मांडवात बसून जेवलेलं कोणी पाहिलं नव्हतं. उभ्यानंच दोन पुऱ्या खाऊन ती कामाला लागायची.

“आज तू नवरीची आई हायेस,” ते म्हणाले आणि वाकून वाढू लागले. भात, त्यावर आमटी, कडेला बुंदी. मग पाण्याचा तांब्या तिच्या उजव्या हाताशी ठेवून ते शेजारी उभे राहिले, ती काय मागते ते पाहत.