नव्या कॉलेजात मी दाखल झाले

आमच्या घरात वैद्यकीय महाविद्यालय एकच मानले जाते, ते जुने. माझे यजमान तेथे शिकवीत आणि आता तेथल्याच जिन्यात तैलचित्र होऊन राहिले आहेत. चिरंजीव तेथे हृदयरोगाचे प्राध्यापक. सूनबाईही तेथल्याच पदवीधर. अशा घरातल्या मुलीला दोन्हीकडे प्रवेश मिळतो काय आणि ती गावाबाहेर नुकत्याच उगवलेल्या काचेच्या कॉलेजाचे नाव काढते काय! चिरंजीवांनी दोन दिवस अबोला धरला. मी अबोला धरीत नाही; बोलण्याने अधिक काम होते.

"जुन्यात मी कोण असणार, आजी?" नात म्हणाली. "आजोबांच्या फोटोखालून जायचं आणि बाबांच्या वर्गात बसायचं. पेशंटभोवती एवढी गर्दी, की मागच्यांना फक्त पुढच्यांच्या माना दिसतात. नव्यात मुलं कमी. मशिनंसुद्धा कोरी करकरीत."

"कोरी म्हणजे कुणी वापरलेली नाहीत."

"तू पाहिलंयस का ते कॉलेज?"

पाहिले नव्हते. न पाहता नावे ठेवणे मला पसंत नाही. पाहून ठेवलेली नावे अधिक टिकतात. संध्याकाळपर्यंत निर्णय कळवायचा होता, म्हणून तिला गाडी काढायला लावली.

कॉलेजाच्या रुग्णालयाच्या दालनात कारंजे होते. रुग्णालयात कारंजे कशाला, असे विचारल्यावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "प्रसन्न वाटतं." प्रसन्न वाटून घ्यायला आजारी माणूस मात्र कोठे दिसेना. नात प्रयोगशाळा पाहायला वर गेली. मी बाकावरून उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. गेले काही महिने हे असेच चालले होते. चिरंजीवांचे निदान ठरलेले: "आई, वय झालं." मी भिंत धरून उभी राहिले.

इतक्यात एक सिस्टर वाऱ्यासारखी आली. "आजी, इथे काय करताय? बाकीचे केव्हाच आडवे झालेत! समिती गेटपाशी पोचली. चला, चला, पाय वर घ्या."

गेल्या कित्येक वर्षांत मला 'पाय वर घ्या' असे कोणी फर्मावले नव्हते. त्या आश्चर्यातच मी पलंगावर पोचले आणि माझ्या अंगावर चादरही आली.

वॉर्ड भरलेला होता. शेजारच्या पलंगावर एक धट्टीकट्टी बाई पाय हलवीत पडली होती.

"नवीन दिसता," ती म्हणाली. "मागच्या वेळी नव्हता."

"आपल्याला काय होतंय?" मी विचारले.

"मला पोटदुखी दिलीय. तुम्हाला?"

मग सगळा प्रकार ध्यानात आला. सरकारी समिती पलंग मोजायला येणार, म्हणून वस्तीवरची माणसे बसमध्ये घालून आणली होती. मी उठून त्या सिस्टरची खरडपट्टी काढणार, तोच पांढऱ्या कोटातली एक विद्यार्थिनी पुढ्यात उभी राहिली. समितीला दाखवण्यासाठी प्रत्येक पलंगाशी एकेक नेमलेली होती. इतर विद्यार्थी मोबाईलमध्ये डोके घालून होते. ही मात्र मला खरेच प्रश्न विचारू लागली. चक्कर केव्हा येते? बसल्यावर की उठल्यावर? गोळ्या कोणत्या? देतं कोण?

"एक मुलगा देतो, एक सून देते."

"दोन्ही कसल्या?"

मी पर्समधून दोन्ही पाकिटे काढली. तिने ती पुनःपुन्हा वाचली, मग माझा रक्तदाब मी आडवी असताना घेतला आणि मला उभी करून पुन्हा घेतला.

"आजी, या दोन्ही एकच आहेत. नावं फक्त वेगळी. डबल डोस होतोय. म्हणून उभं राहिलं की प्रेशर खाली येतंय." ती घाबरून पुढे म्हणाली, "म्हणजे, मला वाटतं. सर आले की विचारते. बंद करा असं मी सांगू शकत नाही."

"एवढी घाबरतेस कशाला?"

"तुम्ही माझ्या पहिल्या पेशंट आहात. खऱ्या, म्हणजे." तिने हळूच शेजारच्या पलंगाकडे पाहिले. "तिसरं वर्ष आहे माझं."

दाराशी नात उभी होती. तिने हे सारे ऐकले होते.

आणि समिती आली. पुढे डीन, त्यांच्या मागे टक्कल पडलेले एक गृहस्थ. मला पाहताच ते जागीच थबकले. "आई? तुम्ही इथे?" चिरंजीवांचा जुना विद्यार्थी, पूर्वी आमच्याकडे जेवायला असे आणि वाढणाऱ्याला थांब म्हणत नसे. तो डीनकडे वळला. "आमच्या सरांच्या आई तुमच्याकडे ॲडमिट? मग मी काय तपासू?"

डीनचा चेहरा असा फुलला की कारंज्याची गरज उरली नाही.

नुसती कण्हले असते, तरी त्या कॉलेजाचे भले झाले असते. पण मी उठून बसले.

"मी कॉलेज पाहायला आले होते. यांनी मला निजवलं. शेजारच्या बाईंना पोटदुखी दिलीय, पलीकडच्यांना काय दिलंय ते विचार. मात्र या मुलीने मला जसं तपासलं, तसं तुझ्या सरांनी वर्षभरात तपासलं नाही. लिहायचं तर सगळं लिही."

मग एकेक पेशंट उठून चपला शोधू लागला. पोटदुखीवाल्या बाईंनी सिस्टरला विचारले, "जेवण आहे ना पण?"

परतताना गाडीत मी नातीला म्हणाले, "तू नव्यातच जा. माणसाला विचारायचं असतं, एवढं तरी तिथल्या एका मुलीला कळतं. आमच्याकडे दोन डॉक्टर एकाच छताखाली राहून एकमेकांना विचारीत नाहीत."

"मी जुन्यात जाणार."

"अगं, मी इतकी वर्षं—"

"तिसऱ्या वर्षाला तिला पहिला पेशंट मिळाला, आजी. तोसुद्धा चुकून. ती हुशार आहे म्हणून तू वाचलीस. मी तिच्याइतकी हुशार निघाले नाही तर? मला रोज पेशंट हवेत. गर्दी असली तर कोपरं मारून पुढे जाईन."

मी घरापर्यंत नव्याची बाजू लढवली. कारंजेसुद्धा सोडले नाही. तिने ऐकले नाही. फाटकाशी गाडी थांबवून तिथूनच जुन्या कॉलेजाला होकार कळवून टाकला.

बातमी ऐकून चिरंजीव खुर्चीतून उठले. "शेवटी पटवलंसच तिला! आई, तुझ्यापुढे कुणाचं काही चालत नाही."

"ते तर आहेच," मी म्हणाले, आणि नातीकडे न पाहता चहा मागवला.