दरीपलीकडची हरिणी

आमच्या बंदुकीवरच्या दुर्बिणीत हिरवा दिवा लागला की शिकाऱ्याला डोकं चालवायची गरजच उरत नाही, असं आमचा बॉस नंदकिशोर प्रत्येक मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगायचा. वारा, अंतर, थंडी, सगळं माझा प्रोग्रॅम मोजायचा. आता प्रदर्शनासाठी खऱ्या शिकारीचा व्हिडिओ हवा होता. तो मिळाला तर माझं कॉन्ट्रॅक्ट वाढणार, नाहीतर जपानमधलं, कावासाकीचं बिऱ्हाड गुंडाळून परत पुणे. म्हणून मी, जन्माची शाकाहारी, होक्काइदोच्या बर्फात पालथी पडले होते.

शेजारी होशिनो-सान होत्या. भूकंपानंतर फुकुशिमा सोडून इकडे आलेल्या, हरणांची शिकार करणाऱ्या बाई.

दरीपलीकडच्या उतारावर एक हरिणी आली. नुसत्या डोळ्यांना तिळाएवढी. दुर्बिणीला जोडलेल्या माझ्या स्क्रीनवर मात्र तिच्या पापणीवरचा बर्फही दिसत होता. दिवा हिरवा झाला.

"मारा ना," मी म्हणाले.

"इतक्या लांबून मी कधी मारलेलं नाही. नुसती जखमी झाली, तर दरी उतरून तिला शोधणार कोण? मीच. आधी रिकाम्या बंदुकीने बघू. रेकॉर्डिंग चालू ठेवा."

त्यांनी गोळी काढली, नेम धरला, चाप ओढला. टक्.

गोळीला तिथे पोचायला जेमतेम सेकंद लागतो. तो मी कधी हिशेबातच धरला नव्हता. ऑफिसातली आमची पुठ्ठ्याची हरणं हलत नसत. त्या सेकंदात हरिणी एक पाऊल पुढे सरकली आणि तिच्या आड उभ्या पाडसाचं डोकं उघडं पडलं. बरोबर नेमाच्या फुलीवर. दिवा हिरवाच.

हरिणी मागे वळली आणि त्याचा कान चाटू लागली, अगदी निवांत. एवढा थोरला डोंगर, आणि त्यावर आम्हाला न विचारता चाललेलं ते सगळं! मला हात जोडावेसे वाटले. मी जोडलेही, हातमोज्यांसकट. होशिनो-सान गोळी मुठीत धरून नुसत्या बघत राहिल्या.

व्हिडिओ पाठवताच नंदकिशोरचा फोन आला.

"अगं यामिनी, यात शॉट कुठेय? नुसता ग्रीन लाइट आणि एक पिल्लू."

"शॉट त्या पिल्लाच्या डोक्यात आहे," मी म्हणाले. "दुसरा व्हिडिओ मी घेणार नाही. माझं पुण्याचं तिकीट काढायला सांग."