मालनचा हुंकार

“ही डावी बगल. इथं गोलंदाज,” म्हणत बुधाजी घाडींनी बायकोच्या शिवणाच्या डब्यातली लाल रिळं लादीवर ओळीनं मांडली. घोडदळ म्हणून मूठभर छोले आणले होते आणि हत्तींच्या जागी बटाटे होते. बटाटे रात्रीच्या भाजीचे असल्यामुळे लढाई वेळेत संपणं भाग होतं. “आता शत्रू कुठून येतो बघ. ऐकतंस ना गो?”

“हं,” मालन म्हणाली. तिच्या मांडीवर हिंदमाताच्या कापडबाजारातल्या दुकानातून आलेली साडी होती. दुकानवाला अशा साड्या फॉल लावायला तिच्याकडे पाठवायचा. तिची नजर सुईवर असे आणि कान नवऱ्याकडे.

परळच्या त्या चाळीत हा प्रकार त्यांच्या लग्नापासून चालू होता. घाडी नळखात्यात कारकून होते आणि तिथून निवृत्तही कारकून म्हणूनच झाले. कचेरीत त्यांना कुणी विचारत नसे. पण संध्याकाळी वाचनालयाचं पुस्तक उघडलं की ते वेढे घालत, रसद तोडत, चुकलेल्या सरदारांना फैलावर घेत. इतिहास म्हणजे लढाई, बाकीचं सगळं तोंडी लावायला, असं त्यांचं ठाम मत होतं. चाळीला मात्र या मताची धास्ती होती. शेजारची रुपाली तर त्यांच्या हातात पुस्तक दिसलं की गॅसवर दूध ठेवलंय म्हणून सटकायची. तिच्या घरात इतकं दूध कोण पितं हा प्रश्न घाडींना कधी पडला नाही.

ऐकायची ती एकटी मालन. तिचा हुंकार नेमक्या जागी पडायचा. तोफ उडाली की आखूड, सरदार पडला की लांब. त्या एका ‘हं’च्या जोरावर घाडी सकाळी पुन्हा कचेरीत जात.

इतक्या वर्षांत तिनं एकदाच मध्ये तोंड घातलं होतं. “एवढ्या माणसांच्या भाकऱ्या कोण भाजायचं हो?”

“मालन, इथं माणसं मरतायत आणि तुला भाकऱ्या सुचतायत.”

“मरायच्या आधी जेवत असतील ना.”

पुस्तकात ते नव्हतं. घाडींनी घसा खाकरला आणि पान उलटलं.

यंदा थंडीत घाडींचा गुडघा सुजला आणि लालबागच्या वाचनालयात पुस्तक बदलायला मालन गेली. घरात कार्ड एकच, तेही घाडींच्या नावाचं, आणि एका कार्डावर एका वेळी एकच पुस्तक मिळायचं. त्यांना हवं होतं ते आरमाराचं पुस्तक बाहेर गेलेलं होतं. तिथल्या सुचित्राबाईंनी दुसरंच काढून दिलं. फौजेच्या मागून चालणाऱ्या माणसांवरचं होतं ते. घाडींनी पडल्या पडल्या चाळलं. नालबंद, भिस्ती, धान्याचे बैल हाकणारे वंजारी, जात्यावर बसलेल्या बायका.

“हे बाजारबुणग्यांचं आहे. यात लढाई कुठाय?” म्हणून त्यांनी ते उशाशी टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मालनच्या हातात होतं. वेळ जात नसेल बिचारीचा, असं घाडींना वाटलं. संध्याकाळीही ते तिच्या हातातच होतं, तेव्हा त्यांना काहीच वाटलं नाही आणि तिसऱ्या दिवशी मात्र बरंच काही वाटायला लागलं. मालन गॅलरीत उजेडाला बसून वाचत होती आणि हसत होती. घाडींच्या लढायांत ती आयुष्यात कधी हसली नव्हती. आता लढाईत हसण्यासारखं काही नसतं हे खरं, पण म्हणून काय झालं.

“काय एवढं?” त्यांनी आतून विचारलं.

“काही नाही हो. एक बाई होती.” आणि ती पुन्हा पुस्तकात गेली. ती बाई कोण, तिनं काय केलं, हे घाडींना कळलंच नाही. विचारायला जीभ रेटेना.

मग डाळ करपली. घाडींना कोण आनंद झाला. पण मालननं शांतपणे वरची डाळ दुसऱ्या पातेल्यात काढली आणि छावणीत अशी करपलेली डाळ बैलांना जायची असं सांगितलं. म्हणजे तिथंही पुस्तकच आलं. अँटॉप हिलला राहणारी लेक श्रेया हल्ली फोन केल्याबरोबर म्हणायची, “बाबा, आईला द्या ना. ती काल वंजाऱ्यांचं सांगत होती, ते अर्धंच राहिलं.” आणि एका संध्याकाळी तर घाडींनी डोळ्यांनी पाहिलं. गॅलरीत मालनच्या भोवती चार बायका बसल्या होत्या, मालन त्यांना सांगत होती, आणि सगळ्यांत पुढं रुपाली. तिच्या गॅसवर आज दूध नव्हतं.

घाडींच्या अंगाचा तिळपापड झाला. सवत पुरुषाला नसते म्हणतात. त्यांना ती मिळाली होती, आणि तीही पुठ्ठ्याच्या बांधणीची.

त्यात सगळ्यात झोंबणारी गोष्ट वेगळीच होती. एकदा मालन न्हायला गेली असताना त्यांनी ते पुस्तक उघडलं. खुणेसाठी तिनं फॉलच्या कापडाची निळी पट्टी ठेवली होती. त्याच पानावर भाकऱ्या होत्या. दळण कुणी दळलं, सरपण कुठून आलं, किती घरच्या बायका नवऱ्यामागं चालत गेल्या आणि परत आल्या नाहीत, सगळं होतं. त्यांनी जो प्रश्न घसा खाकरून उडवला होता, त्याचं उत्तर या पुस्तकानं तिला नीट शेजारी बसवून दिलं होतं. घाडींनी पुस्तक मिटलं. थोडंच राहिलं होतं तिचं, शेवटचं प्रकरण.

दुसऱ्या दिवशी मालन साड्या पोचवायला हिंदमाताला गेली. घाडी दुखऱ्या गुडघ्यानं लालबागला गेले आणि पुस्तक परत करून आले. देण्याआधी निळी पट्टी काढून त्यांनी खिशात घातली. आरमाराचं पुस्तक आता आलं होतं, ते घेतलं. येताना गुडघा दुखत होता, पण चालण्यात रुबाब होता.

मालननं घरात आल्याबरोबर उशाकडं पाहिलं. “ते पुस्तक?”

“मुदत संपली होती.”

मुदत संपली नव्हती. पुस्तकाच्या आत चिकटवलेल्या कागदावर तारखेचा शिक्का होता आणि मालनला वाचता येत होतं.  भांडली असती तर घाडींकडं उत्तरं तयार होती.

“बरं,” ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला बसली.

त्या संध्याकाळी घाडींनी आरमार लादीवर उतरवलं. गलबतांच्या जागी शेंगा मांडल्या. आवाज चांगला लागला होता. पहिली तोफ उडाली आणि ते थांबले. हुंकार आला नाही. दोरा संपला असेल म्हणून त्यांनी पुढं वाचलं. गलबत बुडालं, तरी नाही. घाडींच्या मनात शंका आली. त्यांनी पुस्तकावरची नजर न काढता त्याच आवाजात म्हटलं, “मग आरमाराच्या सरदारानं तोफा बंद केल्या आणि सगळ्या खलाशांना वडापाव वाटला.”

मालननं गाठ मारली, दातानं दोरा तोडला आणि दुसरी साडी घेतली.

त्यानंतर चारेक दिवस घाडी वाचत होते आणि घर गप्प होतं. भाजी नीट होत होती, चहा वेळेवर येत होता, गुडघ्याला तेलही लागत होतं. बाकी कशाला नाव ठेवायला जागा नव्हती. शेवटी न राहवून ते पुन्हा लालबागला गेले. आरमार अर्धंच झालं होतं, तरी ते टेबलावर ठेवून त्यांनी ते दुसरं पुस्तक मागितलं.

“ते बाहेर गेलंय,” सुचित्राबाई म्हणाल्या.

“कुणाकडं? मी त्या माणसाला भेटून मागतो. दोन दिवसांसाठी.”

सुचित्राबाईंना हसू आलं. “तुमच्याच घरी आहे की. सकाळी मालनताई येऊन घेऊन गेल्या. त्यांनी स्वतःच्या नावाचं कार्ड काढलं ना. सांगितलं नाही का तुम्हाला?”

“सांगितलं, सांगितलं,” घाडी म्हणाले. आरमार पुन्हा काखेत मारून ते घरी आले.

मालन गॅलरीत बसली होती. साड्यांचा गठ्ठा तसाच होता. घाडींनी मेथीची जुडी घेतली आणि तिच्याजवळ पाट ओढला. या घरात त्यांनी कधी मेथी निवडली नव्हती. मालननं एकदा जुडीकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं, आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. तिचे ओठ हलत होते.

“मोठ्यानं वाच ना,” घाडी म्हणाले. “मी ऐकतो. हुंकारही देईन.”

“नको.” तिच्या आवाजात राग नव्हता. “तुम्ही तुमचं वाचा. एवढं शेवटचं माझं मला वाचू दे.”

मेथी लवकर संपली. मग घाडींनी आपलं पुस्तक उघडलं. मनातल्या मनात वाचायची त्यांना सवय नव्हती. ओळी पुढं सरकत, पण आवाजाशिवाय तोफाही मुक्या वाटत. तरी नेटानं वाचत गेले. पुढं गलबतांना वेढा पडला, वारा फिरला, सरदारानं शीड सोडायचा हुकूम दिला. इथं ते नेहमीसारखे थांबले.

“हं,” मालन म्हणाली. लांब, सरदार पडल्यावर द्यायची तसा.

घाडींनी चटकन मान वर केली. मालन तिच्या पुस्तकात बघत होती. बोट ओळीवर होतं, डोळे भरले होते, आणि तिनं पान उलटलं.

खिशातली निळी पट्टी घाडींनी काढली. ती त्यांनी आपल्याच पुस्तकात ठेवली आणि भाजी फोडणीला टाकायला उठले.